सिंकखालची वाकडी नळी

नळी वाकडी झाली आणि टेंबेआबांचं स्वयंपाकघर वाचलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. सध्या दुपार आहे, स्वयंपाकघर जायच्या बेतात आहे आणि आबांची नात सावनी ओट्याखाली डोकं घालून बसली आहे.

साल २०८४. रत्नागिरीतल्या त्या उंच इमारतीत आता कुणी स्वयंपाक करत नसे. भिंतीतल्या तोटीतून जेवण येई. सोमवारी हिरवं, मंगळवारी पिवळं आणि रविवारी गंमत म्हणून पट्टेरी. चुलीचं सुख उरलं होतं ते फक्त आबांकडे. याच ओट्यावर पाय हलवत बसून सावनी वाटाणे सोलायला शिकली होती. म्हणजे अर्धे सोलायची, अर्धे खायची. दाराच्या चौकटीवर तिच्या बाबांची उंची दरवर्षी पेन्सिलीनं मांडलेली होती. एका वर्षी बाबा उंच व्हायचे विसरले होते, तेही तिथं दिसत होतं.

पण सोसायटीच्या सचिव कुलथेबाई बजावून गेल्या होत्या, "आबा, खरकटं न्यायला आता माणूसही नाही नि गाडीही नाही. घरच्या घरी जिरवा. पाचला येते मी. वास आला, तर ओटा तोडून तिथं रोबोंचा चार्जिंग कट्टा होणार."

आबा शास्त्रज्ञ. जन्मभर अंतराळयानांच्या इंधननळ्या केलेले. तेव्हा सिंकखालची एक नळी म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, अशी त्यांची समजूत होती. नळीची तशी समजूत नव्हती.

मदतीला घरचा रोबो शिस्तोबा होता. तो पूर्वी सळया सरळ करायच्या कारखान्यात कामाला असे.

आधी त्यांनी सिंकची जुनी जाळी काढली. भोकाच्या कडेला पुट्टी (फटी बुजवायचा मऊ लगदा) लावून नवं कडं बसवलं. रबरी वॉशर घालून त्याखाली खरकटं-चक्की टांगली. ही चक्की उष्ट्याचा पार भुगा करते आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. राहिली चक्कीपासून भिंतीपर्यंतची नळी. ती जुनीच होती आणि मध्येच खाली लोंबून पुन्हा वर वळत होती.

"दोष आढळला," शिस्तोबा म्हणाला आणि त्यानं वाक कापून तिथं सरळ तुकडा जोडला. "दोष निवारला."

"शाब्बास! वळण कमी, तितका वेग जास्त," आबा खूश झाले. त्यांनी चक्कीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

"नारळ कुठे जोडायचा?" शिस्तोबानं विचारलं.

"पोटात," सावनी म्हणाली.

नळ सोडला. थेंबही गळला नाही. चक्की घरघरली, भाताची शितं दिसेनाशी झाली. आणि मग हळूहळू असा वास सुटला, की आबांनी चष्मा काढून नाकावर रुमाल धरला.

"आबा, पाणी गळत नाही, मग वास कुठून गळतो?"

आबांनी सगळे नट पुन्हा आवळले. वास कमी झाला नाही. घड्याळ पावणेपाचकडे सरकत होतं. सावनीनं हिय्या करून सिंकच्या भोकाला कान लावला.

"आबा! खालचे गद्रेकाका गुळण्या करतायत!"

"करू देत. स्वच्छ माणूस आहे."

"पण मला ऐकू येतायत! आधी कधी यायच्या नाहीत."

आबा थबकले. "गुळणीचा आवाज येतो, म्हणजे तिथून इथवर हवेला मोकळी वाट आहे. आणि हवा आली की तिच्या पाठीवर बसून गटाराचा वास येणारच. शिस्तोबा, तो वाकडा तुकडा कुठंय?"

"भंगारात. मी त्याला सरळ करत होतो."

"हात लावू नकोस! अगं सावनी, तो वाक म्हणजे दाराशी बसलेला राखणदार होता. सिंकमधलं पाणी वाहून जातं, पण शेवटचं ओंजळभर त्या खोलगट वळणात साचून राहतं. वजनानं ते तळाशी बसतं आणि नळी भरून टाकतं. याला म्हणतात जलबंध (पाण्याचं झाकण). वरून नवं पाणी आलं की जुनं पुढे ढकललं जातं, नवं त्याच्या जागी बसतं. गटारातली हवा मात्र ते ओलांडू शकत नाही."

"म्हणजे पाण्याला वाट आणि वासाला भिंत?"

"अगदी! मी आयुष्यभर नळीतून पुढे काय जातं तेच पाहिलं गं. मागे काय येतं, ते पाहायचंच राहिलं."

वाक परत बसला. सावनीनं तांब्याभर पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या, पुन्हा कान लावला. गद्रेकाका गप्प. निदान वरपर्यंत तरी.

कुलथेबाई आल्या. सिंकवर वाकल्या, दोनदा हुंगलं. काही नाही. त्या सरळ होत असतानाच शेगडीवरच्या आमटीत आबांनी लसणीची फोडणी ओतली.

चर्रर्र!

कुलथेबाई तशाच उभ्या राहिल्या. "असाच आवाज यायचा," त्या हळूच म्हणाल्या. "शाळेतून आले की जिन्यातच यायचा. मग मी दोन-दोन पायऱ्या…" त्यांनी आमटीत डोकावून पाहिलं. "ओटा राहू द्या. आणि आबा, वाटीभर आमटी?"

जेवताना सावनीनं विचारलं, "आबा, चंद्रावर असं स्वयंपाकघर चालेल?"

"चालेल की! तिथं पाण्याचं वजन सहावा हिस्सा, तेव्हा वाक सहापट खोल घ्यायचा. तरंगत्या यानात मात्र पाणी तळाशी बसायचंच नाही. तिथलं पाण्याचं झाकण अजून कुणाला सुचलेलं नाही."

"मग मी शोधते," सावनी म्हणाली आणि शेवग्याची शेंग चोखू लागली.

शिस्तोबानं मात्र त्याच संध्याकाळी रीतसर अर्ज पाठवला:

"प्रति, मा. संचालक, गुरुत्वाकर्षण विभाग, पृथ्वी. महोदय, आमच्या स्वयंपाकघराचा जलबंध सर्वस्वी आपल्या विभागावर अवलंबून आहे. तरी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण दुरुस्तीसाठी बंद ठेवावयाचे झाल्यास टेंबे कुटुंबास पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यावी आणि त्या काळात पर्यायी गुरुत्वाकर्षणाची सोय करावी, ही नम्र विनंती."