जुन्या दवाखान्याची मागची खोली

ती बॅटरी बंद करा रे, डोळ्यांवर येते. हं, बसा आता. ही ऐकीव गोष्ट नाही. चित्रकलेचे मास्तर माझे शाळेपासूनचे दोस्त, त्यांच्यावरच गुदरलेली.

गावातल्या जुन्या इमारती जपणारं आमचं मंडळ तुम्हाला ठाऊक आहेच. चार म्हातारे नि पाच मतं! मास्तर त्याचे चिटणीस. जुना दवाखाना पाडायचा घाट घातला होता, तो मास्तरांनी अर्ज करकरून वाचवला. पण संरक्षित यादीत यायचं तर इमारत रिकामी हवी. आणि मागच्या खोलीत नर्सबाई राहायच्या. चाळीस वर्षं. दवाखान्याच्या चादरी धुऊन तिथेच दोरीवर वाळत घालायच्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. तुझी आईसुद्धा.

मास्तर त्यांना म्हणाले, “बाई, दोन महिने भाचीकडे राहा. रंग वाळला की परत या.”

परत आणायचं नव्हतंच. ‘येथे कोणी राहत नाही’ असं अर्जात आधीच लिहून झालं होतं. तिसऱ्या महिन्यात बाई भाचीकडेच वारल्या. मास्तर मातीला गेले नाहीत. कुठल्या तोंडाने जाणार?

रविवारी रंगवलेल्या इमारतीचं उद्घाटन होतं. शनिवारी रात्री साडेदहाला मास्तर जुने फोटो टांगायला एकटेच गेले. तीन टांगून झाले. चौथ्याचा खिळा ठोकताना कोणीतरी खोकलं. रखवालदार असेल म्हणून त्यांनी हाक मारली.

पुन्हा खोकला. मागच्या खोलीतून. दाराला तर बाहेरून कुलूप.

मग आवाज आला. अगदी मऊ.

“मास्तर... रंग वाळला का?”

हातोडी गळून पडली.

“रागावल्या असत्या तर बरं झालं असतं रे,” मास्तर मला नंतर म्हणाले. “पण त्या नुसत्या विचारत होत्या. स्वतःच्या खोलीत यायला... परवानगी मागावी तसं.”

“बाई...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

आतही शांत. कोणी वाट बघत थांबावं... तसं.

मध्यरात्री माझं दार वाजलं. मास्तर उंबऱ्यातच बसले नि लहान पोरासारखे रडले. मी काय समजूत घालणार? त्या अर्जाखाली दुसरी सही माझीच होती.

सकाळी पाहुण्यांच्या आधी आम्ही दोघं गेलो. कुलूप मी काढलं. खोली रिकामी. आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर एक पांढरी चादर. नुकती धुतलेली. खाली फरशीवर... टप... टप.

नळ महिन्यापूर्वीच तोडला होता, पोरांनो. चादर मी स्वतः हाताने पिळून पाहिली...