मागच्या फाटकाशी कोण उभं होतं?

साल २००८. घरोघरी कॉम्प्युटर आले होते, पण लोकांना अजून त्यांचा धाक वाटे.

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे दीर, भाऊजी, सोबतीला असत. त्या सकाळी महिला आश्रयगृहाच्या संचालिका आल्या आणि पाण्याला हातही न लावता बोलू लागल्या.

"नवऱ्याच्या मारझोडीतून सुटायला एका बाईनं आमच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. वाचनालयाच्या मागच्या फाटकाशी न्यायला या, म्हणाली. मग फोन करून पुढचं फाटक ठरवलं. पण मागच्या गल्लीतून येताना बघते तर नवरा मागच्या फाटकाशी दबा धरून! तशीच पळाली. आज दुपारी पुन्हा तिला आणायचंय."

"संशय कुणावर?"

"आमच्या टेलिफोनवालीवर. म्हणून त्या बाईला बजावलंय, फोन नको, फॉर्मच भर."

"नवरा काय करतो?"

"कॉम्प्युटर कंपनीत आहे. जवळ फिरकायची कोर्टानं मनाई केलीय त्याला."

आश्रयगृहात टेलिफोनवाली रडून लाल झाली होती. "मागचं फाटक मी ऐकलंच नाही हो, बाई. मला तिनं पुढचंच सांगितलं."

वेबसाइटवाला फोनवर ऐटीत होता. "फॉर्म फक्त संचालिकाबाईंना जातो. साइटवर कोण आलं, काय उघडलं, ते लॉग फाइलमध्ये पडतं. मी घरबसल्या बघतो. पत्ता टाकला की झालं."

घरी येऊन वहिनींनी आश्रयगृहाच्या साइटवर खोटा फॉर्म भरला. बटण दाबताच वरची पत्त्याची ओळ मारुतीच्या शेपटासारखी लांबली.

"भाऊजी, चला कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत."

"घरचं मशीन काय वाईट आहे?"

"परक्या मशीनवरून बघायचंय."

तिथं त्यांनी साइटच्या पत्त्यापुढे 'लॉग' जोडलं. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. ओळींमागून ओळी उघडल्या, शेवटी त्यांचाच खोटा फॉर्म, अक्षरन्‌अक्षर.

भाऊजी पडद्याकडे वाकले. "म्हणजे हे कुणीही वाचू शकतं?"

"कुणीही. टेलिफोनवालीनं फोडलं असतं तर तो पुढच्या फाटकाशी उभा राहिला असता. त्याला फक्त फॉर्मवरचं ठाऊक होतं. फॉर्मचा मजकूर पत्त्याच्या ओळीला चिकटतो आणि ती ओळ लॉगमध्ये जाते. आता हे बघा. लॉग उघडणाऱ्याचीही नोंद पडते. हे एकच कनेक्शन बघा, रोज सकाळी येतं."

"वेबसाइटवाला असेल."

"तो घरून बघतो. या कनेक्शनचा क्रमांक शोधला, तर एका कंपनीच्या नावावर आहे. नवऱ्याचीच निघेल."

आश्रयगृहात हे ऐकताच संचालिका खुर्चीतून उठल्या. "आजची जागाही फॉर्मवरच आहे! लगेच पुसून टाका."

"मुळीच नाही. आधी लॉगची प्रत काढा. त्या जागी पोलीस जातील. बाईला टेलिफोनवालीकरवी दुसरीकडे बोलवा."

दुपारी तो आला आणि पोलिसांच्या हाती सापडला. बाई तोवर आश्रयगृहात पोचली होती.

पुढे ती गाडी चालवायला शिकवू लागली. संचालिकांनी सगळ्यांसमोर टेलिफोनवालीची माफी मागितली. ती निवृत्तीपर्यंत तिथंच राहिली. वेबसाइटवाल्यानं धंदा बदलला. वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊजी ऐंशीला टेकलेत. कुणी स्वतःच्या हुशारीच्या गप्पा मारू लागलं की हसून म्हणतात, "आमच्या वहिनींना भेटायला हवं होतंत तुम्ही."