पाच लाल खुर्च्या

मार्च महिन्यात दारव्हा रस्त्यावर गारा पडतील असं कुणी सांगितलं असतं तर मोनाली हसली असती. पण बोरी अरब दोन मिनिटांवर राहिलं आणि वरून बोराएवढ्या गारा आल्या. रस्त्याकडेला पत्र्याचं एक लांबलचक शेड दिसलं. तिनं स्कूटी थेट आत घातली आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीवर नेऊन आदळली.

थप्पी डोलली. तिच्यामागून एक माणूस उठला आणि दोन्ही हातांनी त्यानं ती मिठी मारल्यासारखी धरली.

"या म्याडम," तो खुर्च्यांआडून म्हणाला. "रस्ता तिकून होता."

"सॉरी भाऊ... ब्रेक लागला नाही."

"नाही लागला थे बरं झालं. बाहेर लागला असता तं डोक्यात गारा पडल्या असत्या."

तो धम्मदीप. शेडवर पाटी त्याच्याच नावाची होती, 'धम्मदीप बिछायत केंद्र'. मांडव, खुर्च्या, गाद्या, भांडी, पंचक्रोशीतल्या लग्नांना लागेल ते सगळं त्याच्याकडे भाड्यानं मिळे. तिशीचा असेल. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर पेन्सिल.

मोनालीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तिनं पाठीवरची बॅग उघडली आणि मटकन खाली बसली. आतले फॉर्म भिजले होते. दोनशे दहा फॉर्म, पाच महिन्यांची पायपीट.

धम्मदीपनं दोन सतरंज्या अंथरल्या, लग्नातला मोठा पंखा ओढत आणून लावला आणि एकेक फॉर्म वाळत घालायला घेतला. कागद उडायला लागले तेव्हा भांड्यांच्या खोलीतून झारे, पळ्या, वरणाचे डाव आणून प्रत्येक कागदावर ठेवत गेला. दोनशे दहा कागद आणि दोनशे दहा वाढणी. जणू गावजेवणाची पंगत बसली होती.

मोनालीला रडू येत होतं, पण हसू आधी आलं.

ओळींमधून चालता चालता धम्मदीप थांबला. वाकला. मग पुढच्या ओळीत वाकला.

"म्याडम, एक इचारू? रागावसान तं नाही?"

"विचारा ना भाऊ."

"सगळ्याईनं पाच-पाच काहून लिहिलं?"

तिनं समजावून सांगितलं. ती यवतमाळची, अर्थशास्त्रात पीएचडी करत होती. लग्नात लोक किती खर्च करतात आणि तसं का वागतात, हा तिचा विषय. फॉर्मवर वाक्यं होती. वाक्य बिलकुल पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच, मधलं वाटलं तर मधले आकडे.

"पटलं तर पाच," धम्मदीप म्हणाला. त्यानं एक कागद उचलला. "आता ह्या पाहा आमच्या तांड्यावरच्या जमनाबाई. 'लग्न साधं व्हावं', पाच. 'लग्न थाटामाटात व्हावं'... पाच."

मोनालीनं तो कागद त्याच्या हातातून घेतला.

"लोकाईनं वाक्याले नाही देले पाच. तुमाले देले. पोरगी उन्हात फिरून राह्यली, कायले कमी मार्क द्या? बुढीनं तुमाले पह्यल्या नंबरानं पास केलं, म्याडम."

पंखा घरघरत होता. त्यानं चेष्टा केली होती, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो ओशाळला. महिनाभर तिच्या संगणकावर गणित जुळत नव्हतं. तिला वाटलं होतं आपलंच काहीतरी चुकतंय. सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर कशामुळे काय बदलतं हे कळणार कसं? आणि मे अखेरपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

त्याहून जुनी एक गोष्ट तिला टोचली. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ आलं होतं. मुलगा प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला. शिक्षण पुढे करू देशील? हो. बाबांना भेटायला दर आठवड्याला येशील? हो, हो. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आठ दिवस राहिले आणि तिकडून नकार आला. गोड 'हो'ची तिला तेव्हापासून धास्ती होती. आता तर तिच्या बॅगेत असे दोनशे दहा होते.

"मला खरं उत्तर पाहिजे," ती म्हणाली. "मग ते वाईट असलं तरी चालेल."

धम्मदीपनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "येत्या रविवारी या. पाहू."

रविवारी शेडसमोरच्या लिंबाखाली त्यानं पाच लाल खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या.

"आकडा सांगायचाच नाही," त्यानं जमलेल्या लोकांना सांगितलं. "म्याडम वाक्य वाचतीन. बिलकुल नाही पटलं तं ह्या टोकाच्या खुर्चीवर बसा. पुरं पटलं तं त्या टोकाले. अर्धंमुर्धं वाटलं तं मंधात. एकेकानं."

आकडा तोंडानं सांगताना माणूस भिडेखातर पाच म्हणून मोकळा होतो. पण उठून चालत जाऊन बसायचं म्हटलं की विचार करतो. जमनाबाई काठी टेकत पुढे आल्या. मोनालीनं वाचलं, "लग्न थाटामाटात व्हावं." जमनाबाई पाचव्या खुर्चीपर्यंत गेल्या, थांबल्या आणि तरातरा परत येऊन पहिल्या खुर्चीत बसल्या.

"मागच्या वेळी तर तुम्ही पाच म्हणाला होता, आजी!"

"तवा तू दमली होती," जमनाबाई म्हणाल्या. "खरं सांगू? माह्या नातीच्या लग्नात येवढा मांडव, येवढा बाजा. अन् मले बसाले खुर्ची नाही भेटली."

"थे लग्न दुसऱ्या बिछायतवाल्याचं होतं बरं," धम्मदीप घाईनं म्हणाला. सगळे हसले.

मग दीड महिना त्याच्या छोट्या टेम्पोत पाच खुर्च्या आणि मोनालीचे नवे फॉर्म गावोगाव फिरले. आज या गावात, उद्या त्या तांड्यावर. लग्नाची ऑर्डर असेल त्या दिवशी तो यायचा नाही, पण खुर्च्या पोचवून जायचा. नवराबायको वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून भांडायचे. मोनाली लिहून घ्यायची आणि धम्मदीप टेम्पोच्या फाळक्यावर बसून चहा प्यायचा. तो पाहतोय हे तिला न पाहताच कळायचं.

एकदा आर्णीहून परतताना टायर बसलं. तो स्टेपनी लावत होता. तिनं तोवर एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आपल्या अभ्यासाचं चित्र काढून त्याला समजावलं.

"याला स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट साधी. हे चौकोन म्हणजे मोजता येतं ते. किती पानं उठली, मांडव केवढा, खर्च किती. आणि हे गोल म्हणजे मोजता येत नाही ते. हौस, रिवाज, लोकलाज. माणसाच्या मनात असतं, पण थेट दिसत नाही. आजूबाजूच्या प्रश्नांवरून ओळखायचं. मग गोलापासून खर्चापर्यंत बाण काढायचे. कोणता बाण किती जोरानं ओढतो ते गणित सांगतं."

धम्मदीपनं काळे झालेले हात पुसले आणि चित्र बराच वेळ पाहिलं.

"माहा मांडव कुठी हाय?"

"चौकोनात. फुटांत मोजता येतो ना."

"अन् मी?"

तिनं पेन्सिल फिरवली.

"तुम्ही... गोलात."

"म्हंजे मोजता येत नाही?"

"थेट नाही."

तो पुन्हा टायरकडे वळला. पाना फिरवता फिरवता म्हणाला, "आज तुमी दिवसभरात एकदाही भाऊ नाही म्हणल्या."

"विसरले असेन."

"हां. आठवण करून देऊ का?"

"नको," मोनाली म्हणाली आणि पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली.

एप्रिल संपता संपता तीनशे एकोणीस फॉर्म झाले. गणित जुळलं. सगळ्यात जाड बाण निघाला तो लोकलाजेचा. हौस बिचारी मागं पडली होती. शेवटचा तीनशे विसावा फॉर्म घेऊन ती बोरीला आली. धम्मदीपकडून तिनं अजून एकही उत्तर घेतलं नव्हतं.

ऊन कलत होतं. लिंबाखाली पाच खुर्च्या, आणि दोघंच. धम्मदीपनं सगळ्या वाक्यांना नीट विचार करून उत्तरं दिली. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाता जाता घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "आता एक वाक्य माहं."

"फॉर्मवर नाही ते."

"नसू द्या." त्यानं घसा साफ केला. "'मोनालीनं धम्मदीपसोबत लग्न केलं तं ती सुखी राहीन.' बसा."

तिचे कान तापले. एवढं सरळ तो विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि एवढं बरं वाटेल असंही.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

तो पाचव्या खुर्चीजवळ गेला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग एक पाऊल मागं आला आणि चौथीवर बसला.

मोनालीला खरं उत्तर हवं होतं. मिळालं, तेव्हा ते टोचलं.

"एक मार्क कशाला कापला?"

"लग्नसराईत मी घरी नसतो," तो खाली पाहत म्हणाला. "दुसऱ्याईच्या लग्नात असतो. रात रात मांडव, पहाटे भांडी मोजणं. तुमचा वाढदिवस मे महिन्यात येते, म्हंजे त्या दिवशी मी कधी घरी सापडणार नाही. हे माहीत असून पाचवर कसा बसू? तुमीच म्हणल्या होत्या, खरं पायजे."

"विचार करते," ती म्हणाली. स्कूटी चालू करून ती निघाली. आरशात तो दिसत राहिला, चौथ्या खुर्चीवर तसाच.

घरी भीमराज, तिचे बाबा, जेवायला थांबले होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून भाकरी तेच टाकत. त्यांच्या भाकऱ्या गोल होत नसत, आणि त्याबद्दल दोघंही काही बोलत नसत.

मोनालीनं सगळं सांगितलं. चौथ्या खुर्चीपाशी तिचा आवाज जरा चढला.

"चार!" ती म्हणाली. "लग्नाची मागणी घालणारा माणूस चारवर बसतो का, बाबा?"

भीमराजांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"तुह्या मायले पाहाले गेलतो तवा मले कोणी खुर्ची मांडून देली असती, तं मी तीनवर बसलो असतो. पोरगी बरी होती, पण मले काही माहीत नव्हतं ना. लग्न झालं. मंग चारवर आलो कधीतरी. तू झाली तवा असन. पाचवर..." त्यांनी तुकडा ताटात ठेवला. "पाचवर जाले मले लय वर्षं लागले. तिले सांगितलं बी नाही. वाटे, तिले दिसतच असन."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. मोनालीनं त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"तो पाचवर बसला असता तं मीच नाही म्हणलं असतं," भीमराज म्हणाले. "पाचवर बसणारा एक आपण पाह्यला."

"मी गेले तर तुम्ही एकटे पडाल. खरं सांगा. 'मोनाली गेली तरी मी सुखी राहीन', कोणत्या खुर्चीवर बसाल?"

"दोनवर." त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "पण बसूनच राहीन का? उठीन. यवतमाळवरून बोरीले दिवसातून कितीक गाड्या जाते थे मले इचार. पह्यली गाडी कोणती, शेवटची कोणती, कोणती दारव्ह्याच्या पुढं जाते, सगळं पाठ हाय."

आणि त्यांनी खरंच वेळापत्रक म्हणून दाखवायला सुरुवात केली. मोनाली हसत होती, डोळे पुसत होती आणि त्यांना थांबवत होती.

सकाळी ती बोरीला पोचली तेव्हा धम्मदीप आर्णीच्या लग्नाच्या खुर्च्या टेम्पोत चढवत होता. रात्री झोपला नसावा. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल होती.

"पाच खुर्च्या खाली घ्या," मोनाली म्हणाली.

"मोजून द्याच्या हायेत तिकडं..."

"घ्या म्हटलं ना."

त्यानं पाच खुर्च्या उतरवल्या. लिंबाखाली ओळ लावली. मग काय करावं न सुचून आपल्या चौथ्या खुर्चीवर जाऊन बसला. शाळेतल्या पोरासारखे हात गुडघ्यांवर.

मोनाली पहिली खुर्ची ओलांडून पुढं आली. दुसरी ओलांडली. तिसरीपाशी थांबली, ओढणी सावरली आणि बसली.

धम्मदीपचा चेहरा पडला. "तीन?"

"आमच्या घरात तीनवरूनच सुरुवात करतात."

"म्हंजे... हो का नाही?"

"पुढं जागा आहे ना? सरकत जाऊ."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि तो इतका मोठ्यानं हसला की लिंबावरचे साळुंक्यांचे चारदोन जोडे उडाले. तिसरी आणि चौथी खुर्ची शेजारी होत्या. मधे एक वीत जागा होती. त्यानं आपली खुर्ची हळूच ओढली आणि ती वीतभर जागाही राहिली नाही.

"लग्न साधं करायचं," मोनाली म्हणाली. "माझ्या प्रबंधात काय निघालंय माहीत आहे ना?"

"साधंच करू. पण मांडव माहाच राहीन. भाडं नाही घेत, जाय."

"आणि जमनाबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची."

रस्त्यानं जमनाबाई शेळी घेऊन चालल्या होत्या. दोघांना असं बसलेलं पाहून थांबल्या.

"अजून फारम भरूनच राह्यले का रे?"

"हो आजी," धम्मदीप म्हणाला. "आता लय वर्षं भराचा हाय."

त्या दिवशी आर्णीच्या मांडवात पाच खुर्च्या कमी गेल्या. वधूपित्यानं फोन करून तक्रार केली. बिछायत केंद्राच्या मालकानं ती अगदी मन लावून ऐकली आणि मोजणीत चूक झाली म्हणून कबूल केलं. फोन ठेवेपर्यंत त्याचा दुसरा हात मोनालीच्या हातात होता.