दिवेलागणीचं फाटक

माळावर घोड्यांसह मुक्कामाला जायचं हे खूळ नैनाचं. माझी ही लेक इकडेच, ईडन प्रेरी गावात जन्मली, जनावरांच्या दवाखान्यात काम करते आणि तिची जिंजर नावाची घोडी तिला आईबापांहून प्यारी आहे. गेल्या सप्टेंबरात तिनं मलाही ओढलं. माझा नवरा श्रीरंग घरीच राहिला. त्याला घोड्याच्या वासानंच शिंका येतात. माझ्यासाठी मेबल नावाची म्हातारी, समजूतदार घोडी मागून आणली होती. दिवसभर गाडीमागे घोड्यांचा ट्रेलर ओढत आम्ही नॉर्थ डकोटातल्या सरकारी माळावर पोचलो.

तिथे झाड नाही, घर नाही. नुसतं पिवळं गवत, मधूनच अचानक तुटलेली एखादी खोल घळ, आणि तारेची कुंपणं. माळ सगळ्यांना खुला असतो, पण आसपासचे लोक तिथे गुरं चारतात, म्हणून कुंपणांना फाटकं.

"वन रूल, मॉम," नैना म्हणाली. "लीव्ह एव्हरी गेट द वे यू फाइंड इट."

"जसं असेल तसंच ठेवायचं. कळलं गं."

आमचं असंच चालतं. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. तिला समजतं सगळं, पण बोलायला लाजते. मीही हट्टी, जन्मात तिच्याशी इंग्रजी बोलले नाही. मनातून मात्र फार वाटायचं, की या पोरीनं कधीतरी माझ्या भाषेत मला काही विचारावं.

संध्याकाळी बघतो तर आमच्या तळाजवळची पाण्याची टाकी कोरडी. घोड्यांना पाणी तर हवंच. पुढच्या टाकीत आहे का बघायला नैना जिंजरवरून निघाली. एक वॉकीटॉकी माझ्याकडे दिली, "बॅक सून" म्हणाली आणि फाटक लावून गेली.

मी खिचडी टाकली. सूर्य टेकला तसं सखल भागातून धुकं वर यायला लागलं. ओल्या गवताचा जड वास सुटला. मी बॅटरीचा कंदील लावला, सवयीनं हात जोडले, आणि समोर ते बंद फाटक दिसलं. दिवेलागणीला आपण दार लावून बसत नाही. लक्ष्मीची यायची वेळ असते. त्यातून पोर बाहेर. मी उठले आणि फाटक सताड उघडून दोरीनं बांधून ठेवलं.

थोड्या वेळानं टापा ऐकू आल्या. सावकाश, ओल्या मातीवरून. मेबलनं कान मागे पाडले आणि दोर ताणून जमेल तितकी लांब सरकली.

"अगं, जिंजर आहे ती," मी तिला हसले.

नैना कंदिलापलीकडे येऊन बसली. घोडी कुठे बांधली ते धुक्यात दिसलं नाही.

"पाणी मिळालं का गं?"

"मिळालं. तू दमलीस, आई. बस, मी वाढते."

मराठीत. न अडखळता. मला इतका आनंद झाला की भीतीला जागाच उरली नाही. मीच तिच्यापुढे ताटली सरकवली. तिनं हात लावला नाही.

"आई... तुला इथे एकटं वाटतं का गं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी बोलतच सुटले. नागपूरला आई गेली तेव्हा वेळेवर पोचता आलं नाही ते, हिवाळ्यात भांडी घासताना स्वतःशीच बडबडते ते, सगळं. ती मान हलवत ऐकत होती. कंदील अगदी समोर होता, तरी तिच्या डोळ्यांत उजेड दिसत नव्हता.

तेवढ्यात मांडीवरची वॉकीटॉकी खरखरली.

"मॉम? आय कान्ट सी एनिथिंग. देअर्स अ ड्रॉप समव्हेअर हिअर... कॉल मी. आय विल फॉलो युअर व्हॉइस."

समोरची हळूच म्हणाली, "नको हाक मारूस... मी आलेय ना."

घळीच्या काठावर माझी पोर उभी होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. मराठीत हाक मारली तर 'ओ' हीच देईल, असं वाटलं. मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. "नैना! आय अॅम हिअर! कम टू मी, बेबी, कम!" घसा फुटेस्तोवर ओरडत राहिले.

समोरच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भरल्या ताटावरून उठवल्यासारखी ती केविलवाणी दिसली. मग कंदिलापलीकडे नुसतं धुकं उरलं.

जिंजर फाटकातून आत आली तेव्हा नैनाचे दात वाजत होते. मी तिला घट्ट धरलं. ती मात्र अंग चोरून उभी राहिली.

परतीच्या वाटेवर फार्गो शहर मागे पडल्यावर ती बोलली, एकेक शब्द शोधत, मराठीत.

"आई... तिथे दोन आवाज होते. दोन्ही तुझे. एक इंग्लिशमध्ये ओरडत होता. दुसरा... 'ये गं बाळा, इकडे ये.' तू नेहमी बोलावतेस, तसा."

"मग माझ्याकडे कशी आलीस?"

"मी नाही ठरवलं. जिंजरनं ठरवलं."

तेव्हापासून ती माझ्याशी मराठीच बोलते. मोडकंतोडकं, पण रोज. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. नैना काहीबाही विचारते, लहानपणचं, आम्हा दोघींनाच ठाऊक असलेलं, आणि उत्तर येईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहते. काल स्वयंपाकघरात मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, मीच आहे."

"हो, माहितीये," ती म्हणाली. पण दाराजवळून पुढे आली नाही.