सत्तावन्न अंशांवरची केळी

नरडाण्याचा हितेंद्र, कूलिंगचा मेकॅनिक, पहूरच्या रस्त्यावर एका गोदामाचा पत्ता चुकला आणि चेलनाच्या केळी पिकवायच्या गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. पत्ता विचारायचं सोडून तो दारावरच्या मीटरकडेच बघत राहिला.

"कितीवर लावलंय?"

"सतरा. केळी सतरावर पिकतात." चेलना बीएस्सी फिजिक्स, पहिला वर्ग, आवाजात तो वर्ग ऐकू येई. बाहेर मे महिन्याचे पंचेचाळीस अंश होते. सकाळी मीटरवर त्रेसष्ट बघून तिची गाळणच उडाली होती आणि तिने बटण थंडाकडे फिरवलं होतं. आता सत्तावन्नवर उतरलं होतं, म्हणून ती खुशीत होती.

"अहो, मशीन परदेशातलं, जुनं. मीटर फॅरनहाइटचं शे! सत्तावन्न म्हणजे आपले चौदा. आणखी दोन उतरले, की बठ्ठी केळी काळी, एकूण एक."

चेलनाचा चेहरा उतरला. आत पहिलाच माल होता, आणि वडिलांची, रतनलालशेठांची, अट साफ होती — बिघडला, तर गोदाम चुलतभावाकडे आणि लेक घरात.

तिने बटण उलटं फिरवलं. "बत्तीस वजा... गुणिले पाच... भागिले नऊ..."

"सूत्र तर पाठ आहे की!"

"सूत्र पाठ आहे हो. मीटर वाचलं नाही."

"खान्देशात साठचा आकडा दिसला, की कुणाचाही हात बटणाकडे जातो," तो हसला. "मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. तिसऱ्या दिवशीही.

"आज किती?"

"बासष्ट. आपले साडेसोळाच्या वर. केल्विनमध्ये दोनशे नव्वद."

"केल्विन कशाला मधेच?"

"त्यात उणं काही नसतंच."

"मग तुम्हाला तेच माप लावायला पाहिजे..."

चेलनाने घाईने मीटर पाहिलं. ते बासष्टवरच होतं. तापले होते ते फक्त तिचे कान.

पाचव्या दिवशी दार उघडलं. घडावर घड, पिवळेधमक! रतनलालशेठांनी एक केळं सोललं, पूर्ण खाल्लं आणि ठेवणीतली स्तुती काढली — "पुढचा माल कधी भरतेस?"

ते गेले. हितेंद्र उगाच पाने-पकडी आवरत राहिला.

"मीटर ठीक, केळी ठीक. आता यायला कारण काही..."

"नाहीच," चेलना म्हणाली. "उद्या कारण नसताना या."

"आणि शेठनी विचारलं तर?"

"मी सांगेन. गोदाम चालवायचं हेही आधी मीच ठरवलं — मग त्यांना सांगितलं."

हितेंद्रने पिशवी खाली ठेवली. "मग उद्यापर्यंत कोण थांबतंय!"