भट्टीच्या दारावरचं कार्ड

सिनेमाच्या सुरुवातीची नावं थेरगावच्या खोलीत बसून संगणकावरही करता आली असती. पण धम्मरत्नला नावांमागे खोटा गंज चालत नसे. हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणून भर दुपारी कॅमेरा घेऊन तो चाकणजवळच्या एका बंद कंपनीत आला. सिनेमा कामगारांवरचा होता आणि सगळी नावं त्याला कामगारांच्याच लाल कार्डांवर दाखवायची होती.

दुरुस्तीसाठी माणूस यंत्रात शिरला, की स्वतःच्या नावाचं लाल कार्ड दाराला अडकवतो आणि बाहेर आला की स्वतःच्याच हातानं काढतो. कार्ड आहे तोवर आत माणूस आहे. बटणाला कुणी बोट लावायचं नाही.

रंग सुकवायच्या भट्टीच्या दारावर एक जुनं कार्ड तसंच लटकत होतं. त्यावर नाव होतं, उद्धवराव.

"त्याला हात लावू नगा," चौकीदार रंगराव म्हणाले. "ज्यानं लावलं, तो अजून आला न्हाई काढायला. अकरा वर्सं झाली."

धम्मरत्नला हसू आलं. रंगरावांची पाठ वळताच त्यानं ते काढून खिशात घातलं. चौकटीत मध्येच येत होतं ना. त्या जागी नटांची कार्डं एकेक करून लावली, टिपली. शेवटी स्वतःचं लावलं. मग दाराची आतली बाजू टिपायला तो भट्टीत शिरला.

मागे दार हळूच लागलं. आतून कडी नव्हती. जळक्या रंगाचा वास घशात उतरला. मोबाइलला रेंज नाही. त्यानं दार बडवलं, हाका मारल्या, पण कुणी ओ देईना. बाहेरचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

"झालं का काम?" रंगराव विचारत होते.

"झालं..." आवाज धम्मरत्नचाच होता, बोली मात्र त्याची नव्हती. "माझं कार्ड काढलंय बगा. आत आता कुणी न्हाई..."

कुलूप लागलं. पावलं लांब गेली. जन्मात तो इतका घाबरला नव्हता. त्यानं मोबाइलचा उजेड दारावर टाकला. पत्र्यावर खिळ्यानं नावं कोरलेली होती, एकाखाली एक. शेवटून दुसरं उद्धवरावांचं. शेवटचं धम्मरत्नचं, त्याच्याच वळणाच्या अक्षरांत.

त्यानं त्यावरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला, वर्षानुवर्षांचा, खराखुरा.