चिकटपट्टीखालचं बटण

खिंडीजवळच्या निवाऱ्यातून दरीतल्या रेडिओ-खोलीशी दहा मिनिटं स्वच्छ बोलून दाखवायचं, एवढ्यासाठी धाकटी, तिचा दादा आणि एक वाटाड्या अशी तिघं सकाळीच निघाली होती. ते साधलं, तर डोंगरातल्या प्रत्येक निवाऱ्यात धाकटीने बनवलेली डबी बसवायची, असं बचाव पथकाने कबूल केलं होतं. त्या डबीपायी तिने तीन वर्षं झोपेचं खोबरं केलं होतं.

डबीचं काम सांगायला सोपं होतं. ती बोलण्याचे आकडे करायची, ते आकडे लघुलहरींवरून जायचे आणि पलीकडच्या डबीतून पुन्हा आवाज होऊन निघायचे. ना खरखर, ना शिट्ट्या. एकच खोड होती. सिग्नल एका हद्दीखाली गेला की आवाज बारीक होत नसे, थेट बंद पडे.

दरीतल्या रेडिओ-खोलीत त्यांचे बाबा बसले होते. उभी हयात त्यांनी जहाजांवर बिनतारी संदेश पाठवण्यात घालवलेली. डबी त्यांना काही पसंत नव्हती. "माणूस दमलाय की घाबरलाय, काही कळत नाही हिच्यातून," ते म्हणायचे. मागच्या चाचणीत त्यांनी सवयीने साध्या आवाजाचं बटण दाबलं आणि सगळी चाचणी वाया गेली. धाकटी पथकासमोरच त्यांच्यावर ओरडली, आणि त्या बटणावर चिकटपट्टी लावून तिने वर लिहिलं, 'हात लावू नये'.

"बरं, नाही लावत," एवढंच बाबा म्हणाले होते. आणि बाबा शब्दाचे पक्के.

अकराच्या सुमाराला ढग उतरू लागले. पुढे चालणारा वाटाड्या थांबला.

"ताई, परत फिरू या. हे ढग बर्फ आणणार."

"अर्ध्या तासाची तर वाट राहिलीये," धाकटी म्हणाली. दादाने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि अँटेनाचा खांब खांद्यावर घेतला.

घळ ओलांडताना तो घसरला! हातातला खांब सोडला असता तर कशाला तरी धरता आलं असतं. पण खांब बहिणीच्या अँटेनाचा. त्याने तो पोटाशी आवळला आणि तसाच चाळीस हात खाली घरंगळत गेला.

ती पोचली तेव्हा दादाचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. खांब शाबूत होता. ते पाहून तिला रडूच कोसळलं.

"मी धावत उतरून माणसं घेऊन येईपर्यंत रात्र होईल," वाटाड्या म्हणाला. "तोवर हा गारठून जाईल. तुमचं ते यंत्र चालवा."

तो खांब घेऊन वरच्या खडकावर चढला आणि वाऱ्यात घट्ट धरून उभा राहिला. धाकटीने दादाला दोन्ही झोपपिशव्यांत गुंडाळलं, तार जोडली, डबी सुरू केली. बॅटरी थंडीने अर्ध्यावर आली होती.

"बाबा, दादा पडलाय. पाय मोडलाय. माणसं पाठवा."

उत्तर आलं. शेजारी बसून बोलावं इतकं स्वच्छ, अगदी निवांत. "काही ऐकू येत नाहीये अजून. पोचला नसाल. सावकाश जा, मी बसलोय."

बाबांचा सिग्नल दणकट होता. तिचा मात्र घळीतून जेमतेम बाहेर पडत होता, हद्दीच्या खालीच. तिने तीनदा सांगितलं. तीनदा बाबांनी तितक्याच शांतपणे सावकाश जायला सांगितलं.

तिने घाईने डबी बाजूला केली आणि साध्या आवाजावर हाका मारायला सुरुवात केली. खरखरीत का होईना, चार शब्द पोचले असते. मग तिला आठवलं. बाबांचा संच डबीवरच अडकलेला होता. आकडे नसतील तेव्हा तो मुका राहायचा, आणि बटणावर तिचीच चिकटपट्टी होती.

"ते हात लावणार नाहीत, दादा. मीच बजावलंय."

दादाचे ओठ निळे पडले होते. "पडद्यावर... काही दिसतं का त्यांना?"

दिसत होतं! बाबांच्या समोरच्या पडद्यावर निळा पट्टा खाली सरकत असे, आणि हवेतला कुठलाही सूर त्यावर उजळ रेघ होऊन उमटे. डबी मुकी असली तरी पट्टा चालूच असे. बोलण्याचा नुसता धूसर डाग पडला असता. एक सलग सूर मात्र ठसठशीत उमटला असता.

तिने शीळ घालून पाहिली. थरथरत्या ओठांतून नुसती हवा निघाली.

"लहानपणी मला शीळ घालायची मनाई करायचीस," दादा म्हणाला. "आण इकडे."

तिने माईक त्याच्या तोंडाशी धरला. तीन आखूड शिळा. तीन लांब. पुन्हा तीन आखूड: जहाजांवरची मदतीची हाक. प्रत्येक श्वासाला त्याच्या कपाळावर शीर ताठत होती. दुसरी खेप. तिसरी. बॅटरीचा दिवा लाल झाला. चौथ्या खेपेला शीळ मध्येच तुटली आणि त्याने डोळे मिटले.

"दादा!"

त्याने मान हलवली आणि राहिलेल्या दोन शिळा पुऱ्या केल्या.

आधी नुसतीच खरखर होती. मग तिच्यातून कुणीतरी घसा साफ केला.

"चिकटपट्टी काढलीये, बाळ. रागावू नकोस. सांग, काय झालंय?"

अर्धे शब्द बुडाले होते, पण आवाज थरथरतोय एवढं तिला चक्क ऐकू आलं. तिने जागा सांगितली, पाय सांगितला, आणि सगळं दोनदा सांगितलं.

"निघाली माणसं," बाबा म्हणाले. "तू आता बोलू नकोस, बॅटरी राख. मी बोलतो."

आणि ते बोलत राहिले. जहाजांबद्दल, भाजी करपल्याबद्दल, मिनिटामिनिटाला वेळ सांगत. बर्फ पडायला लागला. खडकावरच्या वाटाड्याने खांब खाली ठेवला नाही. वरचा निवारा ढगात गेला, तिने तिकडे पाहिलंही नाही.

अंधारून यायच्या आत माणसं स्ट्रेचर घेऊन घळीत उतरली. धाकटीने शेवटचं एकदा बटण दाबून ते बाबांना कळवलं.



"बरं," बाबा म्हणाले. "मग आता चिकटपट्टी परत लावू का?"

तिला उत्तर द्यायचं होतं. पण लाल दिवा विझला होता, आणि ते उत्तर तिला रात्रभर चालत खाली येऊन, त्यांच्या समोर उभं राहून द्यावं लागलं.